डावीकडे जाणारी वरात

शेलार,
रविवार, २० जानेवारी २००८

प्रिय कुणाल,

फोनवर तू दर वेळी विचारतोस, बाबा कसे आहेत, आणि मी दर वेळी सांगते, बरे आहेत. खोटं कोणीच बोलत नाही, पण त्यातून काही पोचतही नाही. मागच्या आठवड्यात मी सांगायला सुरुवात केली होती, तर तू म्हणालास, ताई, क्लास सुरू होतोय, नंतर बोलू. आज सुट्टी आहे, पोरीला सासूबाईंनी शेजारी नेलंय, तुझे भावजी क्रिकेट बघत बसलेत. मला जे सांगायचंय ते क्रमाने सांगितलं तरच तुला पटेल, आणि फोनवर क्रम राहत नाही. म्हणून कागद घेतला.

दसऱ्यानंतर बाबा गोडाऊनच्या गेटपाशी पडले, त्यांना ठाण्याला नेलं, डावा हात आणि डावा पाय गेला, इथवर तुला माहीत आहे. ज्या दिवशी त्यांना मोठ्या वॉर्डात आणलं त्या दिवशी तू आलास आणि संध्याकाळच्या गाडीने बडोद्याला परतही गेलास. आई सगळ्यांना सांगत होती, पोऱ्याची परीक्षा हाय. मी काही विचारलं नाही. त्यानंतर तू आला नाहीस, म्हणून घरी आणल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही.

पहिल्या दिवशी आईने ताट वाढलं. भात, वरण, चटणी आणि तळलेली बोंबलाची तुकडी. बाबांनी निम्मा भात खाल्ला, हात ताटावर ठेवला आणि म्हणाले, आज म्हावरं न्हाय केलं काय? तुकडी ताटातच होती, डावीकडे. आईला वाटलं थट्टा करतात. ती म्हणाली, डोलं उघडून बघा. ते उघड्या डोळ्यांनी ताटाकडे बघत होते आणि त्यांना ती दिसत नव्हती. दाढी करायला बसले तर उजवा गाल गुळगुळीत, डावा तसाच, आणि आरसा बाजूला ठेवून म्हणाले, झाली. स्वतःचा डावा हात मांडीवर बघून एकदा मला विचारलं, यो कोनाचा हात मधे आला? मी हसले, मग आत जाऊन बसले.

कल्याणहून क्षितिजा नावाची मुलगी व्यायाम घ्यायला येते, फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याहून लहान असेल. तिने आम्हाला समजावलं की बाबांचे डोळे चांगले आहेत. म्हणाली, डाव्या खोलीचा दिवा गेला तर आपल्याला निदान तिथे अंधार तरी दिसतो, काकांना अंधारही दिसत नाही, ती खोली आहे हेच त्यांच्या मेंदूने सोडून दिलंय. तिने बाबांना कागद देऊन घर काढायला सांगितलं. त्यांनी उजवा उतार काढला, उजवी भिंत काढली, खिडकी काढली आणि पेन्सिल खाली ठेवली. डावीकडे कोरा कागद. आई मागून बघत होती. ती म्हणाली, नि मी कुठं राहू, पावसात? बाबांना विनोद कळला नाही. त्यांच्या लेखी घर पुरं झालं होतं.

आईचं तेव्हापासून फार अवघड झालं. आपल्या अंगणातून घराकडे तोंड केलं की उजवीकडे ती लांब भिंत, मग दार, आणि दाराच्या डावीकडे भिंतीचा छोटा तुकडा. त्या तुकड्याला टेकून आई भाजी निवडते, म्हावरं साफ करते, अख्खा जन्म तिथेच बसत आलीय. बाबा अंगणातल्या खुर्चीवरून हाक मारायचे, कमळ, कुठं गेलीस? ती समोर, पाच-सहा हातांवर, विळी घेऊन बसलेली. ती म्हणायची, हाय की. ते उजवीकडे बघायचे, गोठ्याकडे, आणि पुन्हा म्हणायचे, कुठं हायस? तिने उजवीकडे येऊन बसावं म्हणून मी सांगितलं. क्षितिजाने मनाई केली. सोपी बाजू दिली तर मेंदू तेवढीच धरून बसेल, काकूंनी डावीकडेच बसायचं, बोलत राहायचं, असं तिचं म्हणणं. आई तिथेच बसत राहिली. तुला माहीत आहे ती, तक्रार करत नाही. एकदा फक्त म्हणाली, भांडून बोलत न्हवता तवा तरी मी दिसत व्हते.

खुर्ची आधी रस्त्याकडे तोंड करून असायची. पण दापोड्याच्या रस्त्याला आता कंटेनरची रांग तुटत नाही. डावीकडून येणारा कंटेनर बाबांना दिसायचा नाही, आणि मग तो एकदम समोर उगवायचा. ते दचकायचे. एकदा उठायलाच गेले आणि कलंडले. त्या दिवशी आईने खुर्ची फिरवली आणि म्हणाली, गाड्या काय बघायच्या, आपलं घर बघा. असं करून त्यांचं तोंड तुझ्या भिंतीकडे आलं. कोणी ठरवून केलं नाही.

आता त्या भिंतीबद्दल लिहिते. तुला सगळं आठवत असेल, तरी मला लिहू दे, कारण मला ती आत्ता कळतेय.

माझ्या लग्नात, २००५च्या मे महिन्यात, बाबांनी भिंत रंगवायला चिंधू पेंटरला सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे लग्नघराची भिंत कशी असते ते ठरलेलं: मधोमध नवरानवरी, वर गणपती, दोन्ही बाजूंना एक-एक केळ, एक-एक हत्ती, खाली ठळक नावं. तू म्हणालास, ताईची भिंत मी काढणार. बाबा हो म्हणाले, पोऱ्या चित्रकला शिकतोय तर दिसू दे गावाला. आणि तू काय केलंस, तर वरात उजव्या टोकापासून सुरू केलीस. उजव्या कडेला आत वाकलेलं आंब्याचं झाड, त्याखाली आतल्या बाजूला तोंड केलेली म्हैस. मग बँडवाले, मग नाचणारे केसरीनाथ काका, मग हळदीची ताटं घेतलेल्या बाया, मग लग्नाचे धवले गाणाऱ्या राहीबाई. सगळे डावीकडे निघालेले, सगळ्यांचे डोळे डावीकडे. पायांखालून शेताचा बांध खालून वर चढत जाणारा. माणसं पुढे पुढे लहान, एकमेकांपासून लांब. मग मोठी मोकळी जागा, नुसता पिवळा चुना. आणि अगदी डाव्या टोकाला, दाराच्या चौकटीला लागून, मी आणि तुझे भावजी, वीतभर उंचीचे. अख्ख्या भिंतीवर तांबडा रंग फक्त माझ्या शालूला.

ते काढताना तू आम्हाला किती छळलंस. प्रत्येक माणूस काढून झाला की कोणाला तरी अंगणात उभं करायचास. डोळे मीट. आता उघड. पहिल्यांदा काय दिसलं? मग कुठे गेलीस? कुठे अडलीस? आई म्हणाली, काकाच्या फेट्यावर अडले, लई छान काढलास. तू लगेच जाऊन तो तांबडा फेटा पुसलास आणि पांढरा केलास. ती हळहळली. तू म्हणालास, छान आहे म्हणूनच पुसला, तिथे डोळा बसला तर पुढे जाणार नाही. म्हशीचं तोंड बाहेर होतं ते आत केलंस, कारण डोळा तिच्या मागे भिंतीबाहेर चालला होता. मी विचारलं होतं, सगळं उजवीकडून का सुरू केलंस, आपण तर डावीकडून वाचतो. तू म्हणालास, म्हणूनच, वाचायच्या सवयीने गेलीस तर वाचून सोडून देशील, उलटं जायला लागलं की चालावं लागतं. मला ते तेव्हा पोरकट वाटलं होतं. लग्नघरात पाहुणे उतरलेले, आणि हा म्हशीचं तोंड फिरवतोय.

हळदीच्या दिवशी बाबांनी भिंत पुरी झालेली पाहिली. काय बोलले ते तू विसरला नसशील. वाजंत्री मदी नि माझी पोर कोपऱ्यात, लोक बोलतील दौलतनं पोरीला दाराशी उभी केली. त्यांनी चिंधूला डबे घेऊन बोलावलंही, त्या मोकळ्या जागेत मोठे नवरानवरी काढायला. आई आडवी आली. आता हलद लागली, आता भिंतीला हात लावायचा न्हाय. राहीबाई तिथेच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, असू दे रं दौलत, माझा धवला पन लांबच्या देवांपासून सुरू व्हतो, नवरीचं नाव शेवटीच येतं. लोक हसले, बाबा हसले नाहीत. फोटोवाल्याने आम्हाला सवयीने भिंतीच्या मधोमध उभं केलं, म्हणून माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तुझ्या भावजींच्या कानातून पिपाणी निघालेली आहे. अजून सासरचे तो फोटो काढून हसतात. तू दोन दिवसांनी गेलास. बाबा त्या भिंतीबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, चांगला नाही, वाईट नाही. तू एकदा मला म्हणाला होतास, त्यांनी ती कधी पाहिलीच नाही, फक्त मधोमध काय नाही तेवढं पाहिलं.

तर, खुर्ची भिंतीकडे फिरली. पहिले काही दिवस बाबा झाडाशी आणि म्हशीशी होते. म्हशीकडे बघून म्हणायचे, ही आपली कपिली. मग बँडवाले आले. एका दुपारी मी गेले तर आई खुसखुसत होती. बाबांनी केसरीनाथ काकांना ओळखलं होतं आणि शिव्या देत होते, बघ कसा नाचतोय, जेवन हुईपरेंत पन थांबला नाय पियाला. त्यात मला काही विशेष वाटलं नाही. पण क्षितिजाने हातातला चेंडू खाली ठेवला. तिने विचारलं, काका, तो नाचणारा कुठे आहे? बाबांनी बोट केलं. तिने त्यांच्या नाकासमोरून बोटाकडे रेघ धरली आणि मला हळूच म्हणाली, ताई, हे मधल्या रेषेच्या डावीकडे गेलेत.

तिला खरं वाटेना. तिने खात्री करायला आतलं कॅलेंडर आणून समोर धरलं, देव मधोमध बसलेला. बाबांना देवाचा उजवीकडचा हात दिसला, उजवीकडची समई दिसली, बस. आपल्या घरातला सगळ्यांचा फोटो आणला. त्यातही तसंच, डावीकडे उभ्या असलेल्या आई आणि आजी त्यांच्या लेखी नव्हत्याच. नजर तिकडे जावी म्हणून ताटाच्या डाव्या कडेला तिने लाल पट्टी चिकटवली होती, तिथेही ते जात नव्हते. आणि तुझ्या भिंतीवर मात्र माणूस सोडून माणूस पकडत, बांधावरून चालल्यासारखे ते जात होते. कालच्याहून आज एक माणूस पुढे. बाईच्या हातातलं ताट पुढे केलेलं आहे ना, त्या हातावरून पुढच्या बाईकडे. तिची मान वळलेली, त्या मानेवरून राहीबाईंकडे. राहीबाईंचं तोंड उघडं, गाणं कोणाला तरी ऐकवतात, मग ते कोण, म्हणून आणखी पुढे.

क्षितिजा त्या दिवशी बराच वेळ भिंतीसमोर उभी राहिली. शेवटी म्हणाली, मी जे महिनाभर तोंडाने सांगतेय, काका डावीकडे बघा, डावीकडे बघा, ते ही भिंत न बोलता करतेय. मग तिने विचारलं, कोणी काढली? मी तुझं नाव सांगितलं. मी तिला डोळे मिटायला लावले, मग उघडायला, आणि तू विचारायचास तसं विचारलं, पहिल्यांदा काय दिसलं, मग कुठे गेलीस. तिने सांगितलेला रस्ता आणि बाबांचा रस्ता एकच होता. झाड, म्हैस, पिपाणी, काका, ताटं, राहीबाई. कुणाल, तेव्हा मला कळलं. आपल्याला वाटतं आपण आपल्या मनाने बघतो, जिथे हवं तिथे बघतो. तसं नसतं. तू तीन वर्षांपूर्वी गेरूत दोरा बुडवून बांधाची रेघ मारलीस तेव्हाच ठरवून टाकलं होतंस की कोणी कुठून शिरायचं, कुठे हसायचं, कुठे थांबायचं. हजारभर पाहुणे त्या वाटेने गेले आणि कोणाला कळलं नाही की आपल्याला कोणी नेतंय. मलाही नाही. आम्ही म्हणालो, नवरी कोपऱ्यात गेली. आणि प्रत्येकाने ती कोपऱ्यातली वीतभर नवरी शोधून काढलीच की. मधोमध असती तर बघून पुढे गेले असते.

नंतर बाबा मोकळ्या जागेशी अडले. तिथे काहीच नाही. धरायला माणूस नाही, हात नाही. बांधाची तेवढी बारीक रेघ वर चढत जाते. आम्हाला वाटलं, झालं, इथवरच. तुझे भावजी म्हणाले, चिंधूला सांगून तिथे एखादी माणसांची जोडी काढून घेऊ का, हात धरायला. आईने सरळ नकार दिला. पोऱ्यानं ठेवलीय ती जागा, त्याला ठावं कशाला ठेवली. म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. बाबा राहीबाईंपर्यंत यायचे, थांबायचे आणि पुन्हा म्हशीकडे जायचे. पण एक फरक पडला. परत जाताना ते चिडायला लागले. एवढी सगली चालली कुठं, असं म्हणायला लागले. हे त्यांनी आजारपणात पहिल्यांदा विचारलं. ज्याच्या लेखी डावीकडे काही नाहीच, त्याला पहिल्यांदा वाटलं की तिथे काहीतरी असलं पाहिजे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी तिळगूळ घेऊन गेले होते, क्षितिजाही व्यायाम घ्यायला आली होती. सकाळचं ऊन भिंतीवर होतं. आई आपल्या जागी बसून मेथी निवडत होती. बाबा राहीबाईंशी आले, पण म्हशीकडे परतले नाहीत. त्यांची मान हळूहळू वळायला लागली. मी बोलणार होते, क्षितिजाने माझा हात दाबला. त्या मोकळ्या पिवळ्यावरून त्यांची नजर जात होती, ते मला दिसत होतं रे, जशी होडी खाडीच्या मधे आली की तिला कोणताच काठ नसतो. आणि मग ती लागली. तांबड्याला. बाबा म्हणाले, ही आपली उन्नती. आणि मग, आगं, ही तं सगली हिच्याकडं चालली व्हती.

मान तेवढी वळलेलीच होती. शालूच्या पुढे चौकट, चौकटीच्या पुढे आई. तिच्यापर्यंत नजर गेली आणि ते म्हणाले, तू कवा आलीस? आई मेथीची काडी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, मी कवा गेलते? आणि पुन्हा मेथी निवडायला लागली, पण काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होती.

त्याला चार दिवस झाले, रोज ते तिथवर जातात. रोज सुरुवात म्हशीपासूनच करावी लागते, मधून जाता येत नाही. पण जातात. काल त्यांनी ताट स्वतःच्या हाताने फिरवलं आणि डावीकडची कोलीमची चटणी उजवीकडे आणली. क्षितिजा म्हणते, बाकीचा माणूस या वाटेने मागोमाग येईल, सगळा नाही तरी बराचसा. आणि काल संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, दाराच्या पुढं काय काढलं न्हाय पोऱ्यानं? मी म्हटलं, नाही, तिथे भिंत कोरी आहे. ते म्हणाले, वरात दारात आनली नि पलाला. त्याला बोल, पुरी कर.

आता मी हे पत्र का लिहिलं ते सांगते. हॉस्पिटलातली ती खाट भिंतीला लागून होती. बाबांच्या उजवीकडे भिंत, आणि भेटायला येणाऱ्यांचं स्टूल डावीकडे. तू त्या स्टुलावर बसलास, बाबा म्हणून हाक मारलीस, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तू आईला फोनवर म्हणालास ना, त्यांनी माझ्याकडे बघून तोंड फिरवलं, अजून राग आहे. कुणाल, त्यांनी तुझ्याकडे बघितलंच नव्हतं. तुझी हाक त्यांना भिंतीतून आली. तू गेल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, कुणाल आला नाय? आणि मला वाटलं, त्यांना काही आठवत नाही, म्हणून मी तुला ते कळवलं नाही. तेव्हा आम्हाला कोणालाच डावं-उजवं माहीत नव्हतं. त्यांचा राग होता का, मला खरंच माहीत नाही, असेलही. पण त्या दिवशीची पाठ रागाची नव्हती. तेव्हा तू ये. चिंधूने दाराच्या पुढच्या तुकड्याला चुन्याचा पहिला हात दिलाय, रंग कोणते ते कळव, भावजी नारपोलीहून आणून ठेवतील. त्या तुकड्यावरून पुढे पडवी, पडवीतून त्यांच्या खाटेपर्यंत भिंत आहे, हवी तेवढी ने. आई म्हणते, मला काढू नको, मी तिथे बसलेलीच असते. आणि आल्यावर तू उजवीकडून पुढे येऊन त्यांना सोपं करू नकोस, अशी क्षितिजाची ताकीद आहे. डावीकडे उभा राहा, हाक मार आणि थांब. वेळ लागतो, पण ते वळतात.

तुझ्या उत्तराआधी तुझीच वाट बघणारी,
तुझीच
उन्नतीताई